संतूर, बासरी, गिटार : गोड वाजतंय, पण निवांत का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही तिघं मुलुंडला राहत्या घरात संतूर, बासरी आणि अकूस्टिक गिटारवर विश्रांतीसाठीचं संगीत करता. ऐकणारे "छान आहे" म्हणतात, पण ते लावून डोळे मिटून पडून राहावं असं कुणाला वाटत नाही. मग खाली सिंथचा पॅड (सिंथेसायझरचा लांब, सलग सूर) घालावा का, पावसाचा आवाज टाकावा का, सगळं नेहमीच्या 440 ऐवजी 432 हर्ट्झवर लावावं का?

माझ्या मते तिन्हींचीही गरज नाही. तुमचा हंसध्वनी राग मी हेडफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर ऐकला. तिघांचेही हात तयार आहेत. पण सूर लागला की तो विरायच्या आत पुढचा येतो. ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही.

रागापासून सुरुवात करा. संतूरची तार हाताने दाबली नाही तर वाजतच राहते. हंसध्वनीत नी आणि वरचा सा अर्ध्या स्वराच्या अंतरावर आहेत. दोन्ही एकत्र घुमले की कानात थरथर उभी राहते. मैफलीत ती ओढ हवीहवीशी असते, पण झोपू पाहणाऱ्याला तीच जागं ठेवते. भूप, दुर्गा, मालकंस यांत अर्ध्या स्वराची जोडीच येत नाही, त्यामुळे सूर एकमेकांवर सांडले तरी बिघडत नाही. तुम्ही दुर्गा घ्या. त्यात गिटारचीही सोय होते : जाड तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी असं लावलं की मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा होतात आणि सगळे सूर दुर्ग्यातले. बासरी पांढरी तीनची (म्हणजे सा ई सुरावर) आहे म्हणालात, तर गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि संतूरचा सा तिथेच आणा. पुढे भूप करायचा झाला तर जीची तार अर्धा स्वर उतरवा, मध्यमाचा गंधार होईल. पिक मात्र बाजूला ठेवा, बोटांनीच छेडा.

संतूरचा आघात ही दुसरी गोष्ट. संतूरवादक शिवकुमार शर्मांनी कलम (संतूर वाजवायची लाकडी काडी) तारांवरून अलगद घासत नेऊन सूर लांबवायची वाट दाखवली. तुमच्या वादकाला ही घसीट येतेच, ती फक्त तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या) आधी न वापरता पूर्ण तुकडाभर वापरा. कलमांच्या टोकाला पातळ फेल्ट चिकटवून पाहा. आणि तिहाया काढूनच टाका. तिहाई म्हणजे "आता समेकडे लक्ष द्या" अशी हाक, आणि तुम्हाला तर लक्ष सैल करायचं आहे.

आता "दुसऱ्या टेकपासून (दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना) बेसूर वाटतं" या तुमच्या तक्रारीबद्दल. आवाज नको म्हणून तुम्ही एसी बंद करून लगेच रेकॉर्डिंग सुरू करता. खोली तापत जाते. बासरीतली हवा तापली की तिचा सूर चढतो, एका अंशाला साधारण तीन सेंट, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर. पोलादी तारा तापल्या की सैलावतात, म्हणजे संतूर उतरतो. खोली पाच अंशांनी तापली तर दोघांत दहा-पंधरा सेंटची फट सहज पडते. लहान वाटते, पण लांब धरलेल्या सुरात ती लपत नाही. पॅड घालून झाकायला जाल तर तीन सूर भांडतील. एसी बराच आधी बंद करा, खोली स्थिरावू द्या, मग वाद्यं लावा आणि प्रत्येक टेकनंतर पुन्हा तपासा. पावसाळ्यात संतूरच्या लाकडाला दमटपणा लागतो, तेव्हा जास्तच.

432 बद्दल : त्याने मन जास्त शांत होतं याला भक्कम पुरावा नाही. 440 पासून तो सुमारे 32 सेंट खाली. तारा उतरवता येतील, पण बासरीचा सा ती घडवतानाच ठरलेला असतो, म्हणजे नवी बासरी करून घ्यावी लागेल. ते पैसे मिरजेच्या एखाद्या चांगल्या तानपुऱ्यासाठी साठवा. जवारी (तारेखालच्या घोडीची घासून केलेली ठेवण) नीट असली की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो आणि सिंथची आठवणही होत नाही.

मुंबईतल्या गोंगाटावर माझा उपाय वेळेचा. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंतचे तास तुमचे. उन्हाळ्यात मात्र पहाटेच्या आधीच कोकीळ सुरू होतो. खिडक्यांवर गोधड्या टांगा, फ्रिज बंद करा (आणि निघताना आठवणीने सुरू करा). बासरीचा माइक फुंकेच्या समोर नको, फूटभर लांब आणि भोकांच्या बाजूला.

पाऊस घालू नका असं मी आग्रहाने म्हणेन. जोराचा पाऊस ऐकला की मुंबईकराच्या मनात आधी लोकल येते. त्यापेक्षा शांतता घाला. 2006 साली 'हार्ट' या नियतकालिकात पाविया विद्यापीठाच्या संशोधकांनी चोवीस जणांवर केलेला एक प्रयोग आला होता. श्वासावर आणि हृदयावर शैलीपेक्षा लयीचा परिणाम जास्त दिसला, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी, रक्तदाब आणि श्वास सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. प्रयोग लहान आहे, पण माझ्या ऐकण्याशी तो जुळतो. बासरीचा न्यास (ओळीच्या शेवटी थांबलेला सूर) संपला की पुढच्या स्वराआधी एक पूर्ण श्वास आत-बाहेर होऊ द्या. सुरुवातीला तुम्हालाच ते रिकामं वाटेल, तरी भरू नका.

मिक्स झाल्यावर आवाज वाढवून तपासू नका. पंखा चालू ठेवा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला हळू आवाजात लावा आणि पडून ऐका. पंख्याच्या वर जे टोचून येईल तेवढंच खाली आणा. बहुतेक ती संतूरच्या वरच्या सप्तकातली टोकं असतील. दुर्गा झाला की ऐकवा, आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) न लावलेलाच पाठवा.