स्टेमवर कोरलेला नुसता आकडा बघून स्टेम घेऊ नको

तुझी पोस्ट वाचली. सेकंडहँड २६ इंची ट्रायल्स बाईक (दगड-बांधांवर पाय न टेकता उड्या मारत चढायची सायकल), त्यावर १२० एमएमचा १० डिग्रीवाला स्टेम (हँडलबार फोर्कच्या नळीला जोडणारा तुकडा), मागच्या चाकावर उभा राहिलास की पुढचं चाक लगेच खाली येतं, अर्ध्या तासात कंबर भरून येते, आणि दुकानदार म्हणतोय की बार लांब पडतोय तर ९० चा आखूड स्टेम टाक. हे सगळं मी भोगलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉलेजात आहेस म्हणतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) आधी वरच्या बोल्टने बसवायचा आणि मग बाजूचे बोल्ट आवळायचे वगैरे तुला येत असणार, त्यात शिरत नाही.

९० चा घेऊ नको. निदान त्याच १० डिग्रीचा तरी अजिबात नको.

कारण असं की स्टेमवर जो आकडा असतो ना, ती तिरकी लांबी असते, स्टिअररच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या वर येणाऱ्या नळीच्या) मध्यापासून बारच्या मध्यापर्यंतची. बार प्रत्यक्षात किती पुढे आणि किती वर जातो ते त्या आकड्यावरून कळतच नाही, त्याला डिग्री लागते. आणि ती डिग्री जमिनीपासून मोजलेली नसते, स्टिअररला काटकोनात जी रेघ येते तिच्यापासून मोजलेली असते. तुझा हेड अँगल, म्हणजे स्टिअररचा जमिनीशी कोन, ७२ धरला तर ती रेघ मुळातच १८ डिग्री वर बघत असते, म्हणजे १० चा स्टेम जमिनीच्या हिशोबात २८ डिग्री आणि ३५ चा स्टेम ५३ डिग्री. आता गणित कर. तुझा १२० चा १० डिग्रीवाला बारला साधारण १०६ एमएम पुढे आणि ५६ एमएम वर नेतो. दुकानदाराचा ९० चा १० डिग्रीवाला ८० पुढे आणि फक्त ४२ वर. म्हणजे बार जवळ आला खरा पण शिवाय १४ एमएम खाली पण गेला, आणि तुझी कंबर दुखतेय ती बार खाली असल्यामुळे! उलट १५० चा ३५ डिग्रीवाला घेतलास तर ९० पुढे आणि १२० वर. आकडा मोठा, तरी बार आत्तापेक्षा जवळ आणि सहा सेंटिमीटरच्या वर उंच. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी तीनदा तपासून बघितलं होतं, तू पण तपास.

आता मला सगळ्यात महागात काय पडलं ते सांगतो, कारण तू पण दुकानातूनच बसवून घेणार आहेस असं लिहिलंयस. गोव्यातलंच एक दुकान, नाव घेत नाही. मी १५० चा ३५ डिग्रीवाला मागवायला सांगितला होता, तोंडी दोन वेळा सांगितलं, फोनवर फोटो पण दाखवला. आला तो १५० चा १० डिग्रीवाला. म्हणजे बार १३२ पुढे आणि ७० वर, मला हवा होता त्यापेक्षा ४ सेंटिमीटरच्या वर पुढे आणि ५ सेंटिमीटर खाली. बाईक मी कामावर जाताना त्यांच्याकडे ठेवली होती, संध्याकाळी आणायला गेलो तर हा स्टेम बसवून, वरती स्पेसर (स्टिअररवर स्टेमच्या वरखाली घालायच्या कड्या) उरले ते "चांगले दिसत नाहीत" म्हणून स्टिअरर हॅकसॉने कापून ठेवलेला, मला एका शब्दाने न विचारता! कापलेला तुकडा काउंटरवरच पडला होता, अंगठ्याच्या पेराएवढा, एका बाजूला करवतीचे ओरखडे. स्टेम परत घ्या म्हटलं तर म्हणे बिलावर "स्टेम १५०" लिहिलंय, १५० मागितला १५० दिला, शिवाय क्लॅम्पचे वळ उठलेत आता परत होणार नाही. फोर्कचं विचारलं तर सरळ हात वर केले.

स्टेम चुकीचा आला असता तर एका स्टेमचा भुर्दंड, ठीक आहे. पण कापलेला स्टिअरर परत वाढत नाही रे. योग्य स्टेम नंतर दुसरीकडून आणला तर त्याचा स्टिअररवर बसणारा भाग उंच निघाला, धरायला पुरेशी नळीच उरली नव्हती, आणि अशा वेळी दोन बोल्टपैकी वरचा बोल्ट हवेत राहतो, तसं चालवणं म्हणजे दात घालवणं. शेवटी फोर्क नवीन. ट्रायल्सचा फोर्क आपल्याकडे कुठल्या दुकानात मिळतो? बाहेरून मागवला, ड्युटी भरली, पार्सल अडकलं, तोवर सगळा सुका सीझन गेला आणि हातात बाईक आली तेव्हा जांभ्यावर शेवाळ धरलं होतं. अजून आठवलं की चीड येते.

म्हणून: लांबी आणि डिग्री दोन्ही बिलावर लिहून घे, बारचा क्लॅम्प (स्टेम बारला जिथे पकडतो तिथली जाडी) २५.४ एमएम आहे का ३१.८ ते पण. आणि दुकानात बाईक सोडून निघून येऊ नको. स्टिअरर कापायला कोणी करवत हातात घेतली तर अडव. दोन-तीन महिने स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालव, दिसायला कसं का दिसेना.

विकत घ्यायच्या आधी फुकटात जे होतं ते कर. आत्ता तुझ्या स्टेमच्या वर स्पेसर असतील तर ते खाली घाल, १० एमएमच्या एका स्पेसरने बार जवळजवळ तेवढाच वर येतो आणि ३ एमएम मागे पण येतो. मग बार थोडा फिरवून बघ. १०० एमएम राइझचा (मधल्या भागापेक्षा मुठी तेवढ्या उंच असलेला) बार ५ डिग्री मागे फिरवला तर ९ एमएम जवळ येतो, पण मनगट वाकायला लागलं तर लगेच पूर्ववत कर, मनगटाचं दुखणं कंबरेपेक्षा चिवट.

मापायला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. बाईक सपाट लादीवर सरळ धरायला कोणाला तरी सांग, बारच्या मध्यातून ओळंबा सोड, जिथे टेकतो तिथे खडूची खूण. तसंच क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या) मध्यातून. दोन खुणांमधलं अंतर आणि बारची जमिनीपासून उंची, एवढी दोन मापं वहीत लिहून ठेव. उद्या कोणाची बाईक चालवून बघितलीस आणि अंगाला बसली, तर तिची हीच दोन मापं घे आणि मग स्टेम निवड. फोटो बघून किंवा उंचीचे तक्ते बघून निवडण्यापेक्षा हे शंभरपटीने बरं.

कुठल्या बाजूला चुकलंय ते अंगावरून कळतं. मागच्या चाकावर जाताना हात ओढून ओढून दुखतात आणि पुढचं चाक पडतंच, तर बार खाली किंवा लांब. उलट जरा ओढलं की पाठीवर पडायला होतं आणि उडी घेताना मांड्या बारला लागतात, तर फार उंच किंवा फार जवळ. बार खूप जवळ आणलास तर अजून एक गोष्ट बिघडते, पुढचं चाक बांधावर टेकवून वर चढायचं असतं तेव्हा पुढे वजन टाकायला जागाच राहत नाही, आणि आपल्याकडचे चिऱ्याचे बांध पावसात इतके निसरडे होतात की पुढच्या चाकावर वजन नसेल तर ते घसरलंच समज. त्यामुळे अगदी टोकाला जाऊ नको.

माझं मत विचारशील तर तुझ्या उंचीला, पाच फूट आठ लिहिलंयस, १५० चा ३५ किंवा त्याच्या आसपासचा. पण मी कोच नाही, हातांची लांबी प्रत्येकाची वेगळी, आणि फ्रेम कुठली ते तू लिहिलेलं नाहीस. २० इंचीवाल्यांचे आकडे उचलू नको, त्यांची फ्रेम आखूड असते. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलचे सायकल कसरतींचे व्हिडिओ बघून आखूड स्टेमच्या मागे लागणारे पण खूप आहेत, त्याची ती स्ट्रीट ट्रायल्सची बाईक आहे, सीट असते, भूमिती वेगळी. आणि एमटीबीवाले (माउंटन बाईकवाले) हल्ली ३५-५० चा स्टेम लावतात ते त्यांच्या लांब फ्रेमवर बरोबर आहे, आपल्यासाठी नाही. मोटरवाल्या ट्रायल्सशी तर याचा संबंधच नाही, दुकानात हा घोळ पण होतो, आधीच स्पष्ट सांग.

जाता जाता बोल्टचं. आपल्या खाऱ्या हवेत साधे स्टीलचे बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात आणि ॲल्युमिनियमच्या स्टेममध्ये धरून बसतात, मग काढताना डोकं गोल होतं. स्टेनलेस घे, तरी ग्रीस लाव. फेसप्लेटचे (स्टेमच्या पुढच्या, बार धरणाऱ्या झाकणाचे) चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळ, वरखाली फट सारखी राहिली पाहिजे, टॉर्क स्टेमवर छापलेला असतो तेवढाच. तुझा स्टेम सेकंडहँड बाईकवरचा आहे, तर आज काढून कपड्याने पुसून बोल्टच्या भोकांजवळ बारीक चीर आहे का ते उजेडात बघ. चीर दिसली तर बाकी सगळी चर्चा बाजूला, चालवणं आधी बंद.

फ्रेमचा हेड अँगल, बारचा राइझ आणि वर सांगितलेली दोन मापं इथे टाक, आकडे मी काढून देतो.