विदर्भातल्या खेड्यातला मुलगा अनिकेत जाधवसारखा व्यावसायिक फॉरवर्ड होऊ शकतो का?

तुमचा पुतण्या चौदा वर्षांचा, गाव समुद्रपूर तालुक्यात, फुटबॉलच्या दर टूर्नामेंटमध्ये दोन-चार गोल ठरलेले. त्याला नववीतून काढून पुण्या-मुंबईच्या एखाद्या अकादमीत टाकावं का आणि कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखा आयएसएलपर्यंत (इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग) तो जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी तुमच्या शेजारचाच, हिंगणघाटकडचा. बाविसाव्या वर्षापर्यंत फॉरवर्ड, म्हणजे पुढं गोल मारायच्या जागेवर, खेळलो. आता कृषी केंद्र चालवतो आणि संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर पंधरा-वीस पोट्ट्यांना खेळवतो. म्हणजे मी पोचलेला माणूस नाही. गाडी कुठं अडकते ते मात्र बरोबर सांगू शकतो, कारण माझी तिथंच अडकली.

आधी ते गोल बाजूला ठेवा. आपल्याकडच्या टूर्नामेंटा सात-सात जणांच्या असतात, मैदान लहान, आणि ऑफसाइड (बॉल यायच्या आधीच समोरच्या बचावाच्या मागं उभं राहायचं नाही, हा नियम) कोणी धरत नाही. जो पोट्टा जोरात पळतो तो समोरच्या गोलीजवळ उभा राहतो, मागून कोणी लांब बॉल मारला की ढकलून देतो. झाला गोल. मी असे कितीतरी मारले. गावात माझं नाव होतं, चहाचे पैसे कोणी घेत नव्हतं.

सतराव्या वर्षी पुण्यात एका अकादमीच्या ट्रायलला गेलो. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, बॅगेत मित्राचे उसने स्टड. मैदानावर तीनेकशे पोरं. प्रत्येकाला वीस मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा ऑफसाइड. तिसऱ्या वेळी लाइनवाला झेंडा वर करून हसतच होता. मग कोचनं मला राइट बॅकला, म्हणजे मागं बचावात टाकलं, तिथं बॉल आला चारदा. त्यातले दोन पायाला लागून बाहेर गेले, कारण आमच्या काळ्या मातीच्या भेगाळलेल्या मैदानावर बॉल कसाही उडतो, म्हणून तो थांबवायची सवयच नव्हती. आला की हाणायचा, एवढंच माहीत. परत आलो तेव्हा आईनं विचारलं, "काय झालं बापा?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी बोलावलंय. बोलावलं कोणीच नव्हतं.

गंमत अशी की मी ज्या गाडीत बसलो ती गोंदियाहून सुटते आणि कोल्हापूरला संपते, आणि अनिकेत त्या दुसऱ्या टोकाचा. जुलै २०००चा जन्म. कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर खच्चून गर्दी. तिथलं पोर लहानपणापासून अकरा जणांचा खरा सामना बघतं. तरीही अनिकेत कोल्हापुरात थांबला नाही, लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. पुढं भारताच्या १७ वर्षांखालच्या संघात आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत विश्वचषक खेळला. भारत तिन्ही सामने हरला, अमेरिका, कोलंबिया आणि घाना. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात त्याच वयाच्या पोरांचा इंडियन ॲरोज संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. सतरा वर्षांचं पोरगं, समोर पगारी बाप्ये!

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं लोक वाचत नाहीत. २०१९ मध्ये तो जमशेदपूरला गेला, २०२१ मध्ये हैदराबादला, २०२२ मध्ये ईस्ट बंगालला. हैदराबादनं तो मोसम जिंकला, पण त्या संघात नऊ नंबरच्या जागेवर, म्हणजे मधोमध सगळ्यात पुढं, नायजेरियाचा ओगबेचे होता. त्या एका मोसमात त्यानं १८ गोल मारले आणि सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट नेला. आता सांगा, कोणता कोच त्याला बाहेर बसवून एकवीस वर्षांच्या भारतीय पोराला मधोमध खेळवेल? आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी चालतात, आणि बहुतेक क्लब त्यातला एक तरी स्ट्रायकरवर खर्च करतात. त्यामुळे भारतीय फॉरवर्ड बाजूला सरकतो, विंगवर. अनिकेतचं तेच झालं. चंदीगडचा विक्रम प्रताप सिंग तसाच ॲरोजमधून मुंबई सिटीत आला, २०२३-२४ चा उदयोन्मुख खेळाडू ठरला, तोही विंगवरूनच. सुनील छेत्रीलासुद्धा क्लबमध्ये कितीदा डावीकडून खेळावं लागलं, आणि देशासाठी नव्वदच्या वर गोल त्याच माणसाचे आहेत.

म्हणून पुतण्याकडं बघताना तो गोल किती मारतो ते मोजू नका. तो वर्षाला अकरा जणांचे, ऑफसाइडसकट, किती सामने खेळतो ते मोजा. माझे सतराव्या वर्षापर्यंत सगळे मिळून वीससुद्धा झाले नसतील. कोल्हापूरच्या पोराचे एका वर्षात तेवढे होतात. फरक पायात कमी आणि या आकड्यात जास्त आहे, असं माझं मत. कामठीची पोरं आपल्यापेक्षा पुढं का असतात? तिथं रब्बानीसारखे जुने क्लब आहेत आणि नागपूरची लीग हाताशी आहे. हिंगणघाटहून नागपूर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. शाळा न सोडता शनिवार-रविवारी तिथल्या एखाद्या क्लबच्या पोरांत त्याला खेळवता आलं तर मी आधी ते करीन. एसटीचं भाडं लागेल, पण पुण्याच्या अकादमीच्या फीपेक्षा ते परवडतं.

फीवरून आठवलं. मागच्या वर्षी आमच्या गावातल्या एका बापाकडं एका अकादमीवाल्यानं चाळीस हजार मागितले, "आयएसएल क्लबमध्ये ट्रायल पक्की" म्हणून. कापूस विकून आलेले पैसे होते. द्यायला निघाला होता, मी अडवलं. जिथं खरंच पोरगं घडतं तिथं निवडून घेतात आणि राहणं-खाणं बहुतेक ते बघतात. सरकारी क्रीडा प्रबोधिनी, जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी (१९८७ पासूनची), नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स. आधी पैसे मागणाऱ्याकडं पाठ फिरवायची. पोराची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत झाली आहे का, हे मात्र त्याच्या क्लबला जरूर विचारा.

शाळेतून काढू नका, याचं दुसरं कारण. सुब्रोतो कप शाळेकडूनच खेळता येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग देशपातळी. आपल्या शाळांत पीटीचे सर अर्ज भरतात आणि तालुक्याला जायला गाडी नाही म्हणून पोरं घरी बसतात, दरवर्षीची रड आहे ही. तुम्ही मागं लागा. राज्यस्तराचं प्रमाणपत्र हातात असलं की पुढं दहावीच्या वाढीव गुणांना आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाला उपयोगी पडू शकतं. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आपल्या घरात फॉरवर्डच्या करिअरचा हिशोब असाच लागतो.

कारण वरचा डोलाराही पक्का नाही. ज्या ॲरोजमधून अनिकेत वर आला तो संघच २०२२ मध्ये बंद झाला. २०२५च्या जुलैत आयएसएलचा पुढचा मोसम थांबवला, महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१०चा करार संपत आला होता म्हणून. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार अडवले. तिथं पोचलेल्यांची ही गत, आणि आपण अजून तालुक्याच्या गाडीची वाट बघतोय.

तरीही खेळू द्या. तो फक्त उजव्या पायानं मारतो असं तुम्ही लिहिलंय. दिवाळीपर्यंत उजवा पाय बंद, भिंतीवर रोज शंभर डाव्यानं, आणि आलेला बॉल आधी थांबवायचा. विंगवर जायची वेळ आली तर तेच कामी येईल. गावातल्या टूर्नामेंटमध्ये त्याला एक-दोनदा मिडफिल्डला खेळवा, चिडेल, चिडू द्या.

आणि एक काम आजच करा: शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख काय लिहिली आहे ते बघा. आपल्याकडं गुरुजींनी टाकून दिलेली "१ जून" अजूनही निघते. वयोगटाच्या निवडीत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय बघतात, आणि कागद एक, हाड दुसरं सांगायला लागलं की पोरगं कितीही चांगलं असो, त्याला बाहेर काढतात. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढून ठेवा. दोन्ही तारखा जुळत नसतील तर दुरुस्तीला वेळ लागतो, शाळेचे सामने सुरू व्हायच्या आत करून घ्या.