जुने राउटर नागपुरातच राहू दे

तू विचारलंस, फ्रँकफर्टला येताना सीताबर्डीतून नेटवर्किंगच्या सरावासाठी दोन जुने सिस्को राउटर घेऊन येऊ का, की मित्राने पेनड्राइव्हवर दिलेल्या आयओएस (सिस्को राउटरचं सॉफ्टवेअर) इमेजवरच सराव करू? भाऊ, दोन्ही नको. डबे आणशील तर बॅगेचं अर्धं वजन त्यातच जाईल. आणि मी मुलाखत घ्यायला बसतो तेव्हा 'लॅब कशावर केलीस?' हे विचारतोच. परवान्याशिवायची इमेज सांगणारा तिथेच अडकतो.

सिस्कोच पाहिजे तर सिस्को मॉडेलिंग लॅब्जची (संगणकावरच आभासी राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट आवृत्ती घे. 5 नोड, म्हणजे आभासी यंत्रं, मिळतात, ओएसपीएफ (एका नेटवर्कच्या आत मार्ग ठरवायची पद्धत) शिकायला तेवढे पुरतात. पण इकडे नोकिया, ज्युनिपरही भरपूर दिसतं, म्हणून माझा कल कंटेनरलॅबकडे आहे; त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर कंटेनर म्हणून चालतात. नोकियाचं राउटर-सॉफ्टवेअर एसआर लिनक्स नोंदणी न करता थेट खाली येतं, अरिस्टाचं सीईओएस नोंदणी केली की मिळतं. ज्युनिपरचं व्हीजुनॉस-राउटरही लॅबसाठी फुकट आहे, पण ते खादाड: एकालाच 5 जीबी रॅम लागते. शिवाय ते आतल्या आत आणखी एक व्हीएम (आभासी संगणक) चालवतं, त्यामुळे नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएमची सोय) चालू नसेल तर नुसतं बूट होत बसतं. 16 जीबीच्या लॅपटॉपवर अशी दोन चालली तरी खूप. कंटेनर लॅपटॉपच्याच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल) वापरतात, म्हणून तेवढ्यातच बरेच जास्त बसतात. एम-चिपचा मॅकबुक मात्र यासाठी घेऊ नको. बहुतेक इमेज एक्स86 (इंटेल-एएमडी) चिपसाठीच्या असतात.

अख्खी लॅब एका यामल फाइलीत (साधी मजकूर फाइल) मावते. ती गिटवर टाक, म्हणजे सामानात काही आणावंच लागणार नाही. मे महिन्यात तिकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा उठण्याआधी राउटरची सेटिंग जपायला 'कंटेनरलॅब सेव्ह' मारत जा.

आता सराव काय करायचा? इथे डीई-सिक्स (DE-CIX) हे मोठं इंटरनेट एक्स्चेंज (नेटवर्क एकमेकांना जोडायची जागा) आहे, त्याचे रूट सर्व्हर (route server, एकाचे मार्ग दुसऱ्यांना कळवणारे) बर्ड या सॉफ्टवेअरवर चालतात. बर्डही फुकटच. तो मधे ठेव, भोवती तीन वेगवेगळ्या एएसचे (स्वतंत्र नेटवर्कांचे) राउटर बीजीपीने (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत) जोड, त्यातला एक सिस्कोचा. हा सिस्कोचा राउटर सिस्को मॉडेलिंग लॅब्जमध्येच बसवून बघ. रूट सर्व्हर स्वतःचा एएस क्रमांक पाथमध्ये (मार्गातल्या एएस क्रमांकांच्या यादीत) घालत नाही, त्यामुळे आयओएस ते रूट घेतच नाही. 'नो बीजीपी एनफोर्स-फर्स्ट-एएस' दिलं की घेतं. पण ती कमांड लगेच टाकू नको. आधी डीबग लावून नकार कुठे येतो ते बघ, आणि यामल मला पाठव. फिल्टर (कोणते मार्ग घ्यायचे याचे नियम) त्यानंतर लावू.