न्यूयॉर्कच्या नगरसेवकपदाच्या मतपत्रिकेवर एकाच उमेदवाराचे नाव दोनदा का छापलेले असते?

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार एकाच उमेदवाराला अनेक पक्ष उमेदवारी देऊ शकतात आणि त्या सर्व रकान्यांतील मते एकत्र मोजली जातात. म्हणून 51 सदस्यांच्या नगर परिषदेसाठी उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन उमेदवाराचे नाव बऱ्याचदा 1962 साली स्थापन झालेल्या कंझर्वेटिव्ह पक्षाच्या रकान्यातही दिसते. मतदाराने दोन्ही रकान्यांतील गोल भरले, तरी मत एकच धरले जाते.

या छोट्या पक्षाचे खरे वजन, माझ्या मते, पाठिंबा नाकारण्याच्या अधिकारात आहे, कारण तो स्वतःचा वेगळा उमेदवार उभा करून उजव्या विचारांची मते फोडू शकतो. 2021 मध्ये क्वीन्समधील 19व्या प्रभागात नेमके असेच घडले. तरीही रिपब्लिकन व्हिकी पॅलाडिनो अगदी थोड्या मतांनी निवडून आल्या.