खवय्यांचे प्रश्न : कांदा कोणता, द्राक्षे कशी?

प्रश्न : आम्ही नुकतेच नाशिकला राहायला आलो आहोत. रविवारी बाहेर मिसळ खातो, बाकी स्वयंपाक घरीच होतो. मात्र बाजारातून एकदम आणलेला कांदा लवकर सडतो. तसेच द्राक्षांवरचा पांढरट थर औषधाचा असतो का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : लासलगावची बाजारपेठ जवळ असलेल्या जिल्ह्यात कांदा फेकावा लागणे मनाला लागते, म्हणून आधी त्याविषयी. पावसाळ्यात लावलेला आणि दिवाळीच्या सुमारास येऊ लागणारा लाल कांदा पाणीदार असल्यामुळे टिकत नाही. तो लागेल तेवढाच घ्यावा. साठवणीसाठी मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा घ्यावा, कारण तो नीट सुकवलेला असेल तर काही महिने सहज राहतो. घेताना मान दाबून पाहावी: ती बारीक, कोरडी आणि घट्ट मिटलेली हवी, जाड, ओलसर मानेचा कांदा तिथूनच सडू लागतो. घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता हवेशीर टोपलीत पसरावा आणि बटाट्यांपासून दूर ठेवावा. मिसळीवर घालायला मात्र ताजा लाल कांदाच मला अधिक आवडतो आणि तो ऐनवेळी चिरावा.

द्राक्षांवरचा पातळ, एकसारखा थर बहुधा फळाचे स्वतःचे नैसर्गिक मेण असते, तर थेंबांचे डाग फवारणीचे असू शकतात. दोन्ही प्रसंगी द्राक्षे वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत, पण खाण्यापूर्वीच. आधी धुऊन ठेवलेला घड लवकर खराब होतो.