कौलावरचे साल आणि घराचे वय

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या कौलांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा ठसा आहे. माजघराच्या तुळईवर मात्र ‘शके १८१२, विकृतीनाम संवत्सर, माघ शुद्ध ५’ असे कोरले आहे. दारावर फलक लावायचा आहे. साल कोणते घालावे?

उत्तर : १८६५ तर मुळीच नको. ते बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती संस्थेचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे साल आहे आणि पुढे कित्येक वर्षे कौलांवर तेच छापले जात होते. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले, म्हणजे तुमची कौले त्याआधीची, एवढेच ठरते. शिवाय कोकणात भिंती टिकतात, छप्पर बदलते. वाशांवर सध्याच्या रिपांशी (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांशी) न जुळणाऱ्या खिळ्यांच्या जुन्या खुणा असतील, तर पूर्वी नळीची कौले असण्याचा संभव आहे.

तुळई अधिक बोलकी आहे. शकात ७८ मिळवले की १८९० येते. पण माघ १ जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे : १८९१. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते आणि शके १८१२ला विकृतीच होते, तेव्हा आकडा वाचण्यात चूक नाही. फक्त तुळईला वापरात नसलेल्या खाचा आहेत का, ते बघा. असल्या तर लाकूड दुसऱ्या घरातून आलेले असू शकते.

आता कागद. सातबारा जमिनीचा, त्यावरून घराचे वय निघत नाही, मालकीची साखळी मात्र निघते. त्यावरचे फेरफार क्रमांक टिपून एकेक मागे जा. जुन्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात मागाव्या लागतात. अर्जात जुना सर्व्हे आणि हिस्सा नंबर घाला. नुसता आजचा नंबर दिला की शोध तिथेच अडतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८वरचे (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतले) बांधकामाचे वर्ष पुष्कळदा सांगोवांगी असते; त्यावर विसंबू नका.

खरा पुरावा वाटपपत्र. त्यात खण, ओटी, पडवी, विहीर, चतुःसीमा असे सगळे येते. त्यात माजघराचा उल्लेख असेल, तर त्या तारखेला ते उभे होते. जुने कागद मोडीत असतील. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे नावे चुकतात. जाणकाराकडे देताना घराण्यातल्या नावांची यादी सोबत द्या.