गोव्यात चांदरजवळच्या बागायतीत जुनी विटांची भट्टी सापडली. चुंबकीय मोजमापाने तिचा काळ ठरेल का?

ठरू शकतो, पण भट्टीची भिंत किंवा तळ जागचा हललेला नसेल तरच. भाजलेल्या मातीतला मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय खनिज) ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापून थंड झाला की त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठते. सुट्या विटेत ती दिशा हरवते. उरते ती फक्त तीव्रता, आणि तिचं काम किचकट.

नमुने दहा-बारा तरी घ्या, भट्टीच्या वेगवेगळ्या बाजूंनी. प्रत्येकावर प्लास्टर ऑफ पॅरिसची टोपी, वर लेव्हलने सपाट केलेला पृष्ठभाग, त्यावर उत्तरेचा बाण, आणि मगच नमुना सोडवायचा. बाण साध्या होकायंत्राने काढू नका, भट्टीच सुई ओढते. सूर्याच्या सावलीवरून दिशा देणारं सूर्य-होकायंत्र वापरा, म्हणजे पावसाळा बाद.

आधी मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) फिरवून आणखी भट्ट्या शोधायच्या असतील, तर गोव्यात खरी डोकेदुखी जांभ्याची. त्यातल्या लोहामुळे साधा चिऱ्यांचा ढीगही भट्टीसारखा दिसतो. अर्ध्या मीटरच्या ओळी धरा, तारेच्या कुंपणापासून लांब राहा.

प्रयोगशाळेसाठी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत विचारा. काळ ठरतो तो नमुन्यातलं क्षेत्र तुलनेच्या वक्राशी, म्हणजे कुठल्या काळी भूचुंबकीय क्षेत्र कसं होतं त्या आलेखाशी, जुळवून. आपल्याकडे त्या वक्रावर बिंदू विरळ आहेत, त्यामुळे नेमकं साल मागू नका. भट्टीत कोळसा मिळाला तर कार्बन-१४ ची कालमापन चाचणी सोबत कराच.